चोरी कोणाची आणि मत कोणाचे?

चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाचे मत हे त्याचे स्वतःचे मत असते, असा समज रूढ आहे. हा समज सोयीचा आहे, खरा नाही. कोणता चित्रपट कोणत्या गावी पोहोचावा, त्यातील कोणत्या गोष्टीची वाखाणणी व्हावी आणि कोणत्या गोष्टीकडे डोळेझाक व्हावी, हे बहुधा प्रेक्षकाने तिकीट काढण्यापूर्वीच ठरलेले असते. ज्यूल्स डॅसिन या दिग्दर्शकाचा 'रिफिफी' हा १९५५ सालचा फ्रेंच गुन्हेगारीपट आणि त्याविषयी गेली सत्तर वर्षे व्यक्त होत आलेली मते हे याचे बोलके उदाहरण होय. अमरावती-अकोल्याच्या कार्यकर्त्यांना या उदाहरणाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे, आणि ते वाटते त्याहून अधिक जवळचे आहे.

कथा थोडक्यात अशी. पाच वर्षांची शिक्षा भोगून सुटलेला टोनी, त्याचा तरुण मित्र जो, मारिओ आणि तिजोरी फोडण्यात तरबेज असलेला इटालियन सेझार असे चौघे पॅरिसमधील एका जवाहिऱ्याचे दुकान फोडतात. चोरी निर्वेध पार पडते. परंतु सेझार एका गायिकेला चोरीतील अंगठी भेट देतो, तिच्यावरून गुंडांच्या दुसऱ्या टोळीला सुगावा लागतो, आणि दडपणाखाली सेझार साथीदाराचे नाव सांगून टाकतो. मारिओ व त्याची पत्नी इडा प्राण देतात, पण टोनीचा ठाव देत नाहीत. जोचा लहान मुलगा पळविला जातो. अखेरीस मूल वाचते, चौघेही मरतात, आणि ज्या पैशासाठी हे सारे घडले तो पोलिसांच्या हाती जातो.

या चित्रपटावरचे पहिले आणि सर्वांत लोकप्रिय मत रसिकांचे आहे. त्यांच्या मते 'रिफिफी' म्हणजे चोरीचा तो प्रसंग. सुमारे अर्धा तास पडद्यावर एक शब्द उच्चारला जात नाही, पार्श्वसंगीताचा एक सूर वाजत नाही. वरच्या मजल्यावरील घराची जमीन फोडली जाते, भोकातून छत्री खाली सोडून उघडली जाते, म्हणजे पडणारा चुना तिच्यात साठावा. धोक्याच्या घंटेत आग विझविण्याचा फेस भरून तिचा आवाज कोंडला जातो. संगीतकार जॉर्ज ओरिक याने या प्रसंगासाठी संगीत रचलेही होते, परंतु प्रसंग संगीताविना पाहिल्यावर त्यानेच ते नको म्हटले. हे सर्व खरे आहे आणि कौतुकास पात्र आहे. कान येथील महोत्सवात १९५५ मध्ये डॅसिनला उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक विभागून मिळाले, त्यात या अर्ध्या तासाचा वाटा निश्चित आहे. परंतु रसिक येथेच थांबतो. राजकारण, समाज, पोटापाण्याचे प्रश्न यांचा वारा या प्रसंगाला लागू नये, अशी त्याची इच्छा असते. 'कलाकृती म्हणून पाहा' हे त्याचे आवडते वाक्य. कलाकृती म्हणून पाहायचे तर पूर्ण पाहावे लागते, हे तो विसरतो.

कारण त्या अर्ध्या तासात पडद्यावर जे दिसते ते अस्सल श्रम आहेत. घामाने भिजलेले कपाळ, अवघडलेले खांदे, हत्यार एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाण्यातली न बोलता जमलेली लय, वेळेचे बंधन, चूक झाली तर जिवाशी गाठ. व्यापारी सिनेमात कामगार असतो, पण काम नसते. नायक गिरणीत नोकरीस आहे एवढे एका वाक्यात सांगून कॅमेरा बागेत वळतो. माणूस काम करताना कसा दिसतो हे अर्धा तास सलग दाखविण्याची हिंमत डॅसिनने केली, आणि त्या समाजव्यवस्थेवरील सर्वांत कडवट टीका हीच की, इतके कसब, इतके सहकार्य आणि इतकी शिस्त यांना वाव मिळाला तो केवळ तिजोरी फोडण्यात. अकोल्याच्या जिनिंगमध्ये रेच्यावर राबणारी बाई किंवा गठाणी बांधणारा मजूर हा प्रसंग पाहील तर त्याला चोरीआधी हात दिसतील. रसिकाला हात दिसत नाहीत, कारण हातांनी पोट भरण्याची वेळ त्याच्यावर आलेली नसते.

दुसरे मत नीतिरक्षकांचे. हा चित्रपट म्हणजे घरफोडीचे प्रशिक्षण, असे त्यांचे म्हणणे. मेक्सिकोत याच कारणास्तव त्यावर बंदी आली, फिनलंडनेही तो रोखला. सामान्य माणसाने पडद्यावर चोरी पाहिली की तो चोर होतो, हे गृहीत यामागे आहे. या गृहीताचा उगम गरिबाविषयीच्या संशयात आहे. जवाहिऱ्याच्या तिजोरीची ज्यांना एवढी काळजी, त्यांना बाजारातील चोरीविषयी कधी शब्द काढावासा वाटत नाही. आणि डॅसिनला मात्र तो काढावासा वाटला होता. 'रिफिफी'पूर्वी, अमेरिकेत असताना, १९४९ साली त्याने 'थीव्ज हायवे' हा चित्रपट केला. त्यातील चोर कोणत्याही घराची भिंत फोडत नाही. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारातील फळांचा प्रतिष्ठित व्यापारी आहे. शेतमाल ट्रकमधून आणणाऱ्याला तो भावात नाडतो, पैसे बुडवितो, आणि ज्याने जाब विचारला त्याचे पाय जातात. एका वर्षी बाजारातला चोर दाखविणारा दिग्दर्शक काही वर्षांनी तिजोरीचा चोर दाखवितो, तेव्हा दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहणे हे प्रेक्षकाचे काम आहे. समीक्षकांनी ते केले नाही म्हणून वऱ्हाडाने करू नये असे नाही.

किंबहुना ते करण्याचा पहिला अधिकार वऱ्हाडाचा आहे. देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ मध्ये कारंजा येथे स्थापन झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना वेळेवर व स्वच्छ कापूस हवा होता, हा सरकारचा त्यातील मुख्य हेतू. परंतु बाजाराला कायद्याची वेसण घालावी लागली, एवढ्यावरूनच काटा आणि दलाली यांचे स्वरूप काय होते हे उघड होते. त्यानंतर सव्वाशे वर्षे उलटली. १९७२ मध्ये सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजना पुढे मोडीत निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस घरी येण्याच्या तोंडावर, केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. या व्यवहारात कोणाच्या घराचे छप्पर फोडावे लागले नाही, छत्री उघडावी लागली नाही, घंटेत फेस भरावा लागला नाही. एका अधिसूचनेने काम भागले. मग घरफोडीच्या चित्रपटाने नीती बिघडते आणि अधिसूचनेने ती अबाधित राहते, हे मत कोणाचे? ते प्रेक्षकाचे नव्हे. ज्यांची तिजोरी आहे त्यांचे ते मत आहे, आणि ते प्रेक्षकाच्या तोंडी घातले गेले आहे.

तिसरे मत स्वकीयांचे आहे आणि म्हणून त्याचा समाचार अधिक स्पष्टपणे घेतला पाहिजे. पुरोगामी कार्यकर्त्यांतही असे म्हणणारे आहेत की, चोर-दरोडेखोरांच्या कथेशी श्रमिकांच्या चळवळीला काय देणेघेणे? संप, मोर्चा, लाल बावटा असेल तर तो चित्रपट आपला. एरवी ती भांडवली करमणूक. या मताला शिस्तीचा मुलामा असतो, पण आत आळस असतो. ज्या माणसाच्या चित्रपटाला हे स्वकीय करमणूक म्हणून झटकून टाकतात, तो कोण होता हे त्यांनी पाहिलेले नसते.

डॅसिन हा रशियातून अमेरिकेत आलेल्या एका ज्यू न्हाव्याचा मुलगा. जन्म १९११. तरुणपणी तो कम्युनिस्ट पक्षात गेला आणि १९३९ मध्ये, हिटलर-स्टालिन करारानंतर, बाहेर पडला. १९४७ पासून अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या समितीने चित्रपटसृष्टीतील डाव्यांची चौकशी आरंभली. प्रत्येकाला एकच गोष्ट मागितली जाई : नावे सांगा. एडवर्ड डिमिट्रिक हा दिग्दर्शक प्रथम समितीपुढे ठाम राहिला, तुरुंगात गेला, आणि नंतर १९५१ मध्ये त्याने नावे सांगितली. त्यात डॅसिनचे नाव होते. फ्रँक टटल यानेही ते सांगितले. 'थीव्ज हायवे'मध्ये बाजारातील तो चोर रंगविणारा नट ली जे. कॉब यानेही १९५३ मध्ये समितीपुढे नावे दिली. डॅसिनला काम मिळेनासे झाले. तो युरोपात आला, तेथेही अमेरिकेच्या दडपणामुळे हाती आलेला चित्रपट गेला. पाच वर्षे रिकामी गेल्यावर मिळालेले पहिले काम म्हणजे 'रिफिफी', अत्यल्प खर्चात करावयाचा, ऑगुस्त ल ब्रतों याच्या कादंबरीवरचा.

आता चित्रपटाकडे पुन्हा पाहावे. सारी शोकांतिका कशामुळे घडते? चोरीमुळे नव्हे, चोरी यशस्वी झाली होती. ती घडते एका माणसाने नाव सांगितल्यामुळे. आणि नाव सांगणाऱ्या सेझारची भूमिका कोणी केली आहे? स्वतः डॅसिनने, पेर्लो व्हीता या टोपणनावाने. ज्याची नावे सांगून सहकारी सुटले, तो पडद्यावर नाव सांगणाऱ्याच्या जागी उभा राहतो आणि त्या माणसाची भीती, लाज आणि लाचारी स्वतःच्या चेहऱ्यावर घेतो. संप आणि मोर्चा नाही म्हणून या चित्रपटात राजकारण नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी राजकारण फलकावरून ओळखण्याची सवय सोडावी. पुढे अमेरिकेत प्रदर्शनाच्या वेळी डॅसिनने जुन्या मतांचा धिक्कार करावा अथवा नामावलीतून स्वतःचे नाव काढू द्यावे, अशी अट पुढे आली. त्याने ती नाकारली, आणि चित्रपट त्याच्या नावासह झळकला. काळ्या यादीला गेलेला तो एक तडा होता.

हा मुद्दा जुना आणि परदेशी वाटत असेल तर तोही भ्रम आहे. माफीचा साक्षीदार ही संस्था येथील न्यायव्यवस्थेला नवी नाही. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात हमीपत्रावर सही करून सुटणारे आणि सही न करता आत राहणारे असे दोन प्रकार महाराष्ट्राने पाहिले आहेत. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. एखादी संघटना बेकायदा ठरविण्याचा अधिकार सरकारला देणारे आणि अशा संघटनेचे सभासदत्व हाच गुन्हा मानणारे हे विधेयक आहे. अशा कायद्याखाली पहिला प्रश्न कोणता विचारला जाईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. सभेला आणखी कोण कोण होते? अमरावतीच्या एखाद्या शेतमजूर कार्यकर्त्याला हा प्रश्न विचारला जाईल तेव्हा त्याच्या मनात काय चालेल, हे कोणत्याही प्रस्तावापेक्षा सेझारच्या चेहऱ्यावर अधिक स्पष्ट वाचता येते.

मात्र येथे एक खबरदारी घ्यावयास हवी. टोनी सेझारला गोळी घालतो, कारण टोळीचा नियम मोडला गेला. हा प्रसंग पाहून फितुराला हीच शिक्षा योग्य, असे मत देणारे प्रेक्षक पुष्कळ आढळतात. हे मत चित्रपटाचे नव्हे. टोनीच्या नियमाने सेझार मेला, पण जो वाचला नाही आणि टोनीही वाचला नाही. मूल घरी पोहोचले ते गाडी हाकणारा मरता मरता. टोळीचे इमान आणि चळवळीची निष्ठा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टोळी लुटीच्या वाटणीपुरती एकत्र असते, म्हणून तिला भीतीचा पहारा लागतो. चळवळ न्यायाच्या आग्रहाने बांधलेली असते, म्हणून तिच्यात प्रश्न विचारणाऱ्याला स्थान असले पाहिजे. शत्रूपुढे नाव सांगणे ही फितुरी होय; पक्षाच्या बैठकीत मतभेद मांडणे ही फितुरी नव्हे. हा भेद पुसला गेल्यामुळे डाव्या चळवळीने किती प्रामाणिक माणसे गमावली, याचा हिशेब कधीतरी मांडावा लागेल. डॅसिनने १९३९ मध्ये पक्ष सोडला, पण १९५१ नंतर चौकशी समितीला एकही नाव दिले नाही. पक्षनिष्ठा आणि माणूसनिष्ठा यांचा हिशेब एका खात्यात मांडता येत नाही, हे त्याच्या चरित्रावरून शिकण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट, जी रसिक, नीतिरक्षक आणि क्रांतिकारक हे तिघेही सारख्याच सहजतेने विसरतात. टोनी तुरुंगातून सुटल्यावर प्रथम काय करतो? तो तुरुंगात असताना दुसऱ्याकडे गेलेल्या मादो या स्त्रीला गाठतो, तिचे दागिने उतरवून घेतो आणि पट्ट्याने तिला झोडपतो. 'रिफिफी'चे गुणगान करणाऱ्या बहुसंख्य मतांत या पट्ट्याचा उल्लेख येत नाही, किंवा येतो तो नायकाच्या दुःखाचे लक्षण म्हणून. हे मान्य करता येणार नाही. मित्रासाठी शिक्षा भोगणारा माणूस स्त्रीला मालमत्ता समजू शकतो, आणि तिजोरीवरील मालकी मोडणारा माणूस बाईवरील मालकी मोडण्यास तयार नसतो. हे सत्य वऱ्हाडातील वस्त्यांत आणि कार्यकर्त्यांच्या घरांतही अनोळखी नाही. चित्रपट थोर आहे म्हणून पट्टा क्षम्य ठरत नाही, आणि पट्टा आहे म्हणून चित्रपट टाकाऊ ठरत नाही. दोन्ही एकदम पाहण्याची तयारी म्हणजेच प्रेक्षक म्हणून प्रौढ होणे.

राहिले चौथे मत. ते चित्रपटाविषयी नसून प्रेक्षकाविषयी आहे, आणि सर्वांत अपमानकारक आहे : 'हे आपल्याकडे चालत नाही. वऱ्हाडच्या माणसाला हे कळणार नाही.' या मताचा उगम शोधण्यास दूर जावे लागत नाही. हिंदी चित्रपटांच्या धंद्यात देश ज्या विभागांत वाटला गेला त्यांपैकी एकाचे नाव सी. पी. बेरार. मध्यप्रांत-वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून गेला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण चित्रपटाच्या वहीखात्यात तो प्रांत टिकून राहिला, आणि त्याच्या वितरणाचे एक मोठे केंद्र अमरावती हे होते. राजकमल चौक, श्याम चौक, चित्रा चौक ही अमरावतीच्या चौकांची नावे टॉकीजवरून पडली, इतका हा धंदा शहराच्या अंगी मुरलेला. एवढे असूनही फ्रेंच चित्रपटाला या व्यापारात जागा नव्हती. चित्रपट विभागवार विकत घेणाऱ्याने काय चालेल ते ठरवायचे, जे आणलेच नाही ते चालत नाही असे जाहीर करायचे, आणि शेवटी दोष प्रेक्षकाच्या अभिरुचीला द्यायचा, हा येथील न्याय.

उपाय म्हणून जी फिल्म सोसायटीची चळवळ उभी राहिली तिनेही हे अंतर फारसे कापले नाही. सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ मध्ये फेडरेशन स्थापन झाले, १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. या कार्याचे मोल मोठे आहे. परंतु चित्रपटाविषयी मत असणे हा पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांचा मक्ता आणि चित्रपट नुसता पाहणे हे मागास भागाचे नशीब, ही वाटणी तिने मोडली नाही. जी वाटणी कापसाची, तीच मतांची. कच्चा माल वऱ्हाडाने पुरवावा, तयार माल बाहेरून विकत घ्यावा. सरकी येथे, सूत तेथे. तिकिटाचा पैसा येथला, समीक्षा तेथली.

ही वाटणी मोडण्यास आता साधनांची सबब उरलेली नाही. एके काळी चित्रपटाची प्रत म्हणजे रिळांनी भरलेले जड पत्र्याचे डबे होते. ते आणण्यास पैसा, ओळख आणि परवानगी लागे. आता रीतसर हक्क घेऊन एक चित्रपट लहान प्रक्षेपकावर शाळेच्या खोलीत दाखविता येतो. अमरावती आणि अकोला येथील पक्षकार्यालयांनी, कामगार संघटनांनी आणि महिला मंडळांनी महिन्याला एक चित्रपट असा नेम धरावा. अचलपूर, मूर्तिजापूर, कारंजा येथे तो फिरवावा. फ्रेंच संवादांचा अर्थ वऱ्हाडीत वाचून सांगणारा एक माणूस तयार करावा. कीर्तनाची परंपरा असलेल्या प्रदेशात हे अवघड नाही. आणि 'रिफिफी'पासून आरंभ केल्यास तो अर्धा तास निरूपणाविनाच चालेल, कारण तेथे अनुवाद करण्यास शब्दच नाहीत.

चित्रपट संपल्यावर मात्र कार्यकर्त्याने भाषण करू नये. हीच त्याची खरी कसोटी. त्याने विचारावे आणि लिहून घ्यावे. चोर कोण होते? जवाहिऱ्याचे दागिने कोणाच्या श्रमाचे? सेझारच्या जागी असता तर काय केले असते? मादोविषयी कोणी का बोलत नाही? बायका आधी बोलतील अशी व्यवस्था करावी, नाहीतर त्या बोलणार नाहीत. जी उत्तरे येतील ती पक्षाच्या ठरावाशी जुळतील असे नाही. एखादा हमाल म्हणेल की टोनी बरोबर होता, एखादी मजूरबाई म्हणेल की चौघेही वेडे होते, अंगठीपायी मेले. ती मते जशीच्या तशी लिहिली जावीत. श्रमिकांच्या वतीने बोलण्याची घाई ज्यांना झाली आहे, त्यांनी श्रमिकांचे बोलणे प्रथम ऐकून घेणे ही त्यांच्या समाजवादाची किमान अट आहे.

कापसाचा भाव शेतकऱ्याने ठरवावा ही मागणी वऱ्हाडात अनेक पिढ्या ऐकू येत आहे. जे पाहिले त्याचे मोल स्वतः ठरविणे ही त्याच मागणीची दुसरी बाजू आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून स्वतःच्या तोंडाने मत देण्याची सवय ज्या प्रेक्षकाला लागली, त्याच्या पुढ्यात उद्या कोणी तयार मत, तयार नेता किंवा तयार जबानी आणून सहीसाठी ठेवली, तर तो सही करण्यापूर्वी कागद वाचून पाहील. सत्तेला भीती आहे ती याचीच.